डि'सोझांचं नाव, खाडीकिनाऱ्याचा पत्ता: डेटाबेसमधली नोंद बदलताना

देवगडला आमच्या बागेतल्या हापूसच्या पेट्या कुणाला पाठवायच्या, ती यादी मी मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ठेवते. हंगाम तोंडावर आला की जुन्या गिऱ्हाइकांचे पत्ते बदलायचं काम निघतं. पहिल्याच वर्षी ते डि'सोझा या आडनावावर अडलं. शेजारच्या मुलाने सुचवलं, मधलं चिन्ह काढून टाक. मला ते पटलं नाही. माणूस आपलं नाव जसं लिहितो, तसंच ते पेटीवर यायला हवं.

एसक्यूएल म्हणजे डेटाबेसला आज्ञा देण्याची भाषा. तिच्यात मजकूर एकेरी अवतरणचिन्हांत असतो. नावातच ते चिन्ह आलं की मजकूर तिथेच संपला असं डेटाबेस धरतो, आणि पुढचं 'सोझा' त्याला आज्ञेचा भाग वाटतं. हाताने आज्ञा लिहीत असाल तर चिन्ह दोनदा द्या: डि''सोझा. साठवताना ते एकच राहतं. प्रोग्रॅममधून करत असाल तर मजकूर आज्ञेत जोडूच नका. पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या पीडीओत (डेटाबेसशी बोलायच्या साधनात) मूल्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून खरं मूल्य वेगळं पाठवता येतं. मग नावात काहीही असो, ते आज्ञा म्हणून वाचलं जात नाही. बाहेरून कुणी मुद्दाम घुसवलेली आज्ञाही अशीच निकामी होते. मात्र ही पद्धत घेतल्यावर चिन्ह दुप्पट करू नका, नाहीतर दोन्ही चिन्हं साठतात. लेबलवर डि'सोझा छापून आलं, तर वेबपानासाठीचं रूपांतर साठवण्याआधीच झालंय असं समजा. ते फक्त दाखवताना करायचं.

आता देवनागरी. युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणारी पद्धत, आणि यूटीएफ-८ म्हणजे ते क्रमांक बाइटमध्ये साठवायची रीत. तिच्यात आपलं प्रत्येक अक्षरचिन्ह ३ बाइट घेतं. 'देवगड' १५ बाइटचं. आंब्याचं इमोजी मात्र ४ बाइटचं. मायएसक्यूएलचा जुना 'यूटीएफ८' अक्षरसंच ३ बाइटपर्यंतच जातो. त्यामुळे मराठी नीट दिसतं आणि शेऱ्यात कुणी इमोजी टाकलं की नोंद नाकारली जाते, किंवा सेटिंग ढिली असेल तर इमोजीपासून पुढचा शेरा गायब होऊ शकतो. 'यूटीएफ८एमबी४' घ्या, आणि रकाना व प्रोग्रॅमची डेटाबेसशी जोडणी दोन्हीकडे घ्या. डेटाबेसचा संच बदलला म्हणून आधीची टेबलं बदलत नाहीत. अक्षरांच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्हं साठली असतील तर मूळ मजकूर गेला. तो बॅकअपमधूनच आणावा लागतो.

मला सगळ्यात जास्त छळलं ते 'किनाऱ्याजवळ' या शब्दाने. आमच्या अर्ध्या पत्त्यांत तो आहे. काही नोंदींत तो ऱ, हलन्त, य असा होता, तर काहींत र, हलन्त, अदृश्य जोडचिन्ह, य असा. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. रकान्याचं कोलेशन (मजकुराच्या तुलनेचा नियम) बायनरी, म्हणजे बाइट न् बाइट जुळवणारं, असल्यामुळे शोधात निम्मे पत्ते सापडेनात. युनिकोडच्या नेहमीच्या सामान्यीकरणानेही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्यानेही) ही दोन रूपं एक होत नाहीत. सफाई म्हणून सगळी अदृश्य चिन्हं पुसली असती तर त्या नोंदींत 'किनार्याजवळ' उरलं असतं. दऱ्याखोऱ्यांतल्या दऱ्यांचा थेट दर्या झाला असता. म्हणून फक्त र, हलन्त, जोडचिन्ह हे त्रिकूट शोधा आणि त्याजागी ऱ, हलन्त ठेवा. बाकीच्या जोडचिन्हांना हात लावू नका. अर्धी अक्षरं दाखवायला ती मुद्दाम घातलेली असू शकतात.

डोळ्यांवर भरवसा नको. साठलेले बाइट सोळाच्या अंकपद्धतीत दाखवणाऱ्या हेक्स फंक्शनने बाइट पाहा: ऱ म्हणजे ई० ए४ बी१, र म्हणजे ई० ए४ बी०, जोडचिन्ह ई२ ८० ८डी.

लाइक, म्हणजे नमुन्याशी जुळणारा मजकूर शोधायची अट, वापरून नोंदी निवडत असाल तर टक्का आणि अधोरेखा ही तिथे 'काहीही चालेल' अशी चिन्हं असतात. मूल्य वेगळं पाठवूनही त्यांचा तो अर्थ जात नाही. ती चिन्हंच शोधायची असतील तर त्यांच्याआधी उलटी तिरकी रेघ द्या.

आणि काम सुरू करण्याआधी बॅकअप घ्या. मग ट्रान्झॅक्शन (पक्के करेपर्यंत मागे घेता येणारे बदल) उघडा, कोणत्या ओळी घ्यायच्या ते सांगणारी वेअरची अट आधी सिलेक्टमध्ये, म्हणजे नोंदी नुसत्या दाखवणाऱ्या आज्ञेत, चालवून ओळी मोजा, तीच अट नोंदी बदलणाऱ्या अपडेटला लावा. बदललेल्या ओळींचा आकडा जुळला आणि दोन-चार पत्ते हेक्समध्ये बरोबर दिसले की कमिट, म्हणजे बदल पक्का. एकही ओळ जास्त बदलली असेल तर रोलबॅक, म्हणजे सगळं मागे.