विदर्भातून कुलाबा किल्ला: दोन रात्री रेल्वेत, एक दिवस बेटावर

अलिबागच्या किनाऱ्यासमोर एका खडकाळ बेटावर कुलाबा किल्ला आहे. ओहोटीला तिथं वाळूतून चालत जाता येतं आणि भरतीला चहूबाजूंनी पाणी असतं. वर्धा, बडनेरा, अकोल्याकडून निघणाऱ्यांनी मुक्काम न करता हे बेट पाहायचं तर संध्याकाळची गाडी, दिवसभर समुद्र आणि पुन्हा संध्याकाळची गाडी असा हिशेब बसतो. बहुतेक लोक आधी सुटी बघतात, मग तिकीट काढतात आणि किनाऱ्यावर पोचल्यावर समोर पाणीच पाणी दिसतं. म्हणून सुरुवात ओहोटीपासून करा.

त्यासाठी घरातलं भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. कोकणात भरतीचा सोपा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनला. तिथून साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. शुद्ध आणि वद्य, दोन्ही पक्षांना हिशेब एकच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेवढं धरून चाला.

आता आपल्या गाडीशी मेळ घालू. सकाळी मुंबईला उतरून अलिबागच्या किनाऱ्यावर पोचेपर्यंत दुपार होत येते. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या सुमारास येते, म्हणजे नेमक्या आपल्या वेळेला किल्ला पाण्यात. अष्टमीला ओहोटी बाराला येते, त्यामुळे तो दिवस सोयीचा वाटतो, पण तेव्हा भांग असतो: भरती कमी चढते आणि ओहोटीही पुरती उतरत नाही. गुडघाभर पाणी राहू शकतं आणि लहान मुलं सोबत असली तर बेत तिथंच बिघडतो. भांगाचा परिणाम पुढं एक-दोन दिवस टिकतो. एकादशी आणि द्वादशी मात्र छान जमतात. एकादशीची भरती सव्वाआठला, ओहोटी अडीचच्या सुमारास. द्वादशीची भरती नऊला, ओहोटी सव्वातीनला. उधाण, म्हणजे मोठी भरती आणि तितकीच खोल ओहोटी, जवळ येत असतं, त्यामुळे पाणी रोज जरा जास्त उतरतं. त्यातही द्वादशी बरी. सकाळची गाडी दोन तास उशिरा आली तरी ओहोटी हुकत नाही, हा मोठा फायदा. महिन्यात असे चार दिवस मिळतात. त्यातला शनिवार-रविवार सोडून जो असेल तो धरा.

महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मुंबईच्या गेटवेहून अलिबागजवळच्या मांडवा बंदराला बोटीनं जायचं असतं, आणि पावसाळ्यात या बोटी बंद असतात.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. विदर्भ एक्सप्रेस किंवा अमरावती-मुंबई एक्सप्रेस, दोन्ही सकाळी मुंबईला सीएसएमटीला पोचतात आणि संध्याकाळी तिथूनच परत निघतात. जाण्याचं आणि येण्याचं तिकीट एकाच दिवशी काढून टाका. वेटिंगच्या तिकिटावर स्लीपरमध्ये बसता येत नाही, त्यामुळे ‘होईल कन्फर्म’ म्हणून घर सोडू नका. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही. पाच ते बारा वयाच्या मुलाला वेगळी बर्थ हवी असेल तर पूर्ण भाडं पडतं.

सीएसएमटीच्या वेटिंग रूममध्ये तोंड धुऊन गेटवेकडे निघा. अंतर अडीच किलोमीटर. चौघं असाल तर टॅक्सी परवडते, नाहीतर बेस्टची बस. बोट साधारण तासाभरात मांडव्याला लावते. तिकीट घेताना त्यात मांडवा ते अलिबाग बस धरलेली आहे का, हे विचारा. असेल तर तिकीट नीट जपून ठेवा, बसमध्ये चढताना दाखवावं लागतं. अलिबागच्या स्टँडपासून समुद्र चालण्याच्या अंतरावर आहे. उतरल्याबरोबर परतीच्या बसची वेळ लिहून घ्या.

किनाऱ्यावर पोचल्यावर लगेच चालायला लागू नका. घोडागाडीवाल्याला किंवा कोळ्याला विचारा, ‘पाणी उतरतंय की चढतंय?’ नियम एकच पाळा: पाणी उतरत असताना जायचं आणि पूर्ण ओहोटी असतानाच परत निघायचं. द्वादशीला पावणेदोनच्या सुमारास निघून तीनला किनाऱ्यावर परत. भरती लागल्यावर पहिल्या तासात पाणी फारसं चढत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. तिसऱ्या-चौथ्या तासात ते झपाट्यानं वाढतं. शिवाय आधी भरतात ते मधले सखल भाग. तुमच्या पायाखालचा खडक कोरडा असतो आणि परतीची वाट गेलेली असते.

पायात मागून पट्टा असलेली सँडल घाला. साधी चप्पल ओल्या वाळूत रुतते, आणि अनवाणी गेलात तर खडकावरची कालवं तळपाय कापतात. जीन्स नको, भिजली की दिवसभर वाळत नाही. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत.

किल्ल्याचं बांधकाम शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये सुरू केलं आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं. पुढं हे कान्होजी आंग्र्यांचं ठाणं होतं. तटाजवळ थांबून सांधे बघा: मोठमोठे चिरे चुन्याशिवाय नुसते एकावर एक बसवलेत. लाट आदळली की पाणी फटींत शिरतं, तिचा जोर तिथंच मोडतो आणि भिंत टिकते. आत सिद्धिविनायकाचं देऊळ, गोड्या पाण्याची विहीर आणि तटावर चाकांच्या गाड्यावरच्या तोफा आहेत. तासाभरात होतं. तिकीट पंचवीस रुपये, पंधरा वर्षांखाली मोफत.

उन्हाबद्दल एक गोष्ट. आपल्याकडे पंचेचाळीस अंश सोसलेल्या माणसाला तिथले तेहेतीस काहीच वाटत नाहीत, पण दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. माणशी दोन लिटर पाणी आणि लिंबू-मीठ-साखर सोबत असू द्या.

शिदोरीनंच बजेट सांभाळतं. दुधात भिजवलेल्या दशम्या, तिखट पुऱ्या, जवसाची चटणी आणि शेंगदाण्याची चटणी दुसऱ्या दिवशीही चांगली राहते. पिठलं आणि ओली भाजी पहिल्याच रात्री संपवा. एकादशीला जाणार असाल तर उपासाचं घरूनच न्या.

खर्च धरायचा तो असा: रेल्वे येऊन-जाऊन माणशी हजार, बोट पाचशे, शहरातला प्रवास शंभर, चहा-नाश्ता दोनशे. एकूण अठराशेच्या आसपास, गाव ते स्टेशन एसटी वेगळी. पाचशे रुपये निराळे बांधून ठेवा. वाऱ्यामुळे बोटी थांबल्या तर अलिबागहून एसटीनं पनवेल गाठावं लागतं आणि तो रस्ता वेळखाऊ आहे. त्यामुळे गेटवेलाच बोटींची स्थिती विचारा. खात्री वाटत नसेल तर तिथूनच घारापुरीची चौकशी करा. ते बेटही तासाभराच्या बोटीवर आहे, भरती-ओहोटीची अडचण नाही, फक्त सोमवारी लेणी बंद असतात.