शोमरोनचा इतिहास वाचताना या चुका टाळा

शोमरोनबद्दलचा बहुतेक घोळ एकाच सवयीतून होतो: वस्तू कुठल्या थरात सापडली हे न पाहता ती थेट अहाब राजाच्या नावावर चढवली जाते.

आधी नाव नीट घ्या. मराठी बायबलमधले शोमरोन म्हणजेच समारिया. आज नाबलुसजवळच्या सेबास्तिया गावालगत ती टेकडी आहे. ही उत्तरेकडच्या इस्राएल राज्याची राजधानी. यरुशलेम दक्षिणेकडच्या यहूदाची. इस्राएलचा राजा अम्री, म्हणजे अहाबाचा बाप, याने टेकडी शमेर नावाच्या माणसाकडून दोन किक्कार, म्हणजे ढोबळमानाने ६० ते ७० किलो चांदी देऊन घेतली, असे पहिल्या राजे पुस्तकात आहे.

टेकडीवरचे देखणे अवशेष अम्रीचे समजू नका. खांबांचा रस्ता रोमन, गोल बुरूज ग्रीक काळातले आणि माथ्यावरच्या रुंद पायऱ्या ऑगस्टसच्या मंदिराच्या. ते मंदिर मुळात हेरोद राजाने उभारले, तेही नेमके इस्राएली राजवाड्यावर. राजवाड्याची खूण म्हणजे तासून सपाट केलेल्या खडकावर घट्ट बसवलेले घडीव चिरे.

सर्वांत महागात पडणारी चूक भरावाची. १९३१ ते ३५ च्या उत्खननानंतर पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केनियन यांनी इमारतींच्या फरशीखाली टाकलेल्या मातीच्या भरावातली खापरे बांधकामाच्याच काळातली धरली. पण भरावाची माती दुसरीकडून येते, जुनी खापरे घेऊन येते. त्यातले सर्वांत अलीकडचे खापर एवढेच सांगते की वरची फरशी त्याच्याआधीची नाही. वापराचा काळ हवा असेल तर फरशीवर पडलेली भांडी पाहा. पुरातत्त्वज्ञ रॉन टॅपी यांनी पुढे त्या उत्खननाची नोंद थर-थर तपासली, आणि केनियन यांची कालगणना जशीच्या तशी वापरणे तेव्हापासून धोक्याचे ठरले.

हस्तिदंती नक्षीकामाचेही तेच. ‘अहाबाचे हस्तिदंती मंदिर’ (इथे मंदिर म्हणजे राजवाडा) हे बायबलमधले वचन मोहात पाडते, पण बरेच तुकडे नंतरच्या काळात उकरल्या गेलेल्या मातीत मिळाले. ‘इ. स. पू. ९वे-८वे शतक’ म्हणणे सुरक्षित.

शाईने लिहिलेली खापरे १९१० मध्ये उत्खनन करणाऱ्या रायस्नर यांना मिळाली. त्यांनी ती अहाबाची मानली; आज ती इ. स. पू. ८व्या शतकाच्या पूर्वार्धातली धरतात. त्यांवर ९, १०, १५ अशी वर्षे आहेत, राजाचे नाव नाही. एखादे हाताशी धरून वाचा: वर्ष, गाव, माणूस, जुना द्राक्षारस. द्राक्षारसासाठी दोनच हिब्रू अक्षरे, योद (य) आणि नून (न). यहूदात मधे आणखी एक योद लागतो. तो इथे नसणे म्हणजे लेखनिकाची चूक नव्हे; ही उत्तरेची बोली आहे, ती ‘सुधारू’ नका.

शोमरोनच्या पाडावाचे श्रेयही घाईने देऊ नका. बॅबिलोनी बखर ते अश्शूरचा राजा पाचवा शल्मनेसर याला देते, त्याच्यानंतरचा राजा दुसरा सार्गोन स्वतःकडे घेतो. ‘इ. स. पू. ७२२’ लिहिताना इ. स. पू. ७२०च्या सार्गोनच्या मोहिमेचाही उल्लेख करा. हद्दपार लोकांचा त्याचा आकडा एका लेखात २७,२९० तर दुसऱ्यात २७,२८० आहे. कुठला लेख वापरला ते सांगा.