घोडा एकदम लंगडायला लागला? आधी खूर उचला

काल संध्याकाळी धडधाकट होता आणि आज सकाळी पायच टेकवत नाहीये, असं झालं की पहिलं वाक्य ठरलेलं, "खांदा भरला असेल". मग चोळा तेल. माझ्या घोडीला मी असाच दोन दिवस चोळत बसलो होतो, तिसऱ्या दिवशी नालबंदाने नाल काढली तर खिळ्याच्या भोकातून काळा पू आला. अचानक आणि जोरात लंगडण्याचं सगळ्यात कॉमन कारण खुरातला पू हेच असतं, त्यामुळे खुराची खात्री होईपर्यंत खांद्याला हात लावू नका.

पण पाय वेडावाकडा लोंबत असेल किंवा सांध्याजवळ जखम असेल, अगदी बारीक भोक असलं तरी, तर चालवून बघायच्या भानगडीत पडू नका, घोडा आहे तिथेच उभा ठेवा आणि लगेच डॉक्टरला फोन.

कुठला पाय ते कळत नसेल तर कडक सपाट जमिनीवर कुणाला तरी दोर सैल धरून सरळ दुडकी चालवायला सांगा आणि मान बघा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना मान वर उडते आणि चांगला पाय टेकला की खाली जाते. मागच्या पायासाठी पाठीमागे उभं राहून पुठ्ठे बघायचे, ज्या बाजूचा जास्त वरखाली होतो तिथे शंका. उभ्या उभ्याच पाय टेकवत नसेल तर अर्थातच दुडकी वगैरे काही नको.

आता खूर. माती काढून तळवा नीट धुवा, खिळा, काच, तळव्याच्या खाचेत अडकलेला खडा शोधा (माथेरानसारख्या दगडगोट्यांच्या वाटेवर खडा हमखास). खिळा घुसलेला दिसला तर लगेच उपटू नका, आधी फोटो काढा, कुठे आणि किती तिरका गेलाय ते डॉक्टरला कळायला हवं, खिळा जागेवर असतानाच एक्सरे निघाला तर अजून बरं. मात्र पाय टेकताना तो आणखी आत जाणार असेल तर काढावाच लागतो, मग जागेवर खूण करून ठेवा. दोन्ही केसमध्ये धनुर्वाताचं इंजेक्शन विसरू नका, घोड्याला धनुर्वात पटकन होतो.

मग हाताची पाठ लावून चारही खूर किती गरम आहेत ते ताडून बघा. खुराच्या वरच्या सांध्यामागे दोन्ही बाजूंना बोटं ठेवली की नाडी लागते, एरवी ती मुश्किलीने लागते, खुरात सूज असली की ठणठण उडते. एकाच खुरात अशी उडतेय आणि नाल चार दिवसांपूर्वीच ठोकलीय, तर खिळा आत लागलाय असं समजा आणि नालबंदाला बोलवा. पुढच्या दोन्ही खुरांत उडतेय, घोडा वजन मागे टाकून पुढचे पाय पसरून उभा आहे, आणि रात्री दाण्याचं पोतं फोडून खाल्लंय, तर हे खुराची आतल्या हाडावरची पकड सुटण्याचं दुखणं (लॅमिनायटिस) असू शकतं, यात तासांचा हिशोब असतो, सकाळची वाट बघू नका.

खूर साफ निघाला तरच वर या. नळीच्या हाडामागच्या शिरेवरून (रक्ताची नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारी दोरीसारखी शीर) बोटं फिरवा, दुसऱ्या पायाशी ताडून बघा, गरम फुगवटा लागला तर शीर ताणलीय, पंधरा-वीस मिनिटं थंड पाणी सोडा आणि काम बंद. दोन दिवस उभा ठेवून एकदम कामाला लावल्यावर पुठ्ठे दगडासारखे झाले आणि लघवी कॉफीसारखी आली तर ते पायाचं नाही, स्नायूंचं दुखणं आहे, एक पाऊलही चालवू नका.

डॉक्टर येईपर्यंत मनाने पेनकिलर टोचू नका, दुखणं झाकलं गेलं की घोडा तोच पाय आपटत चालतो आणि डॉक्टरला काही सापडत नाही. त्यापेक्षा चालतानाचा एक व्हिडिओ काढून ठेवा, डॉक्टर आले की हटकून घोडा बरा चालतो!