एकटं पिल्लू हातावर वाढवताय? पुढे ते कोंबड्यांत रमायला हवं असेल तर या चुका टाळा

एकटं पिल्लू घरात येण्याची कारणं बहुधा ठरलेली असतात. अंडी उबवण्याच्या यंत्रातल्या अंड्यांपैकी एकच फुटलं, खुडूक कोंबडी मध्येच अंड्यांवरून उठली, नाहीतर आईनं नेमकं एकालाच टोचून बाजूला काढलं. पहिल्या आठवड्यात सगळ्यांचं लक्ष ‘हे जगेल का’ याकडे असतं. ऊब, पाणी आणि खाद्य नीट मिळालं तर ते बहुतेक वेळा जगतं. खरी कटकट नंतर सुरू होते. दोन-अडीच महिन्यांचं झाल्यावर ते इतर कोंबड्या पाहून किंचाळत पळतं, अंगणात सोडलं की दारावर चोच आपटत बसतं, आणि कोंबडा निघाला तर घरातल्यांच्या पोटऱ्या फोडतो. या तक्रारींचं मूळ बऱ्याचदा पहिल्या काही दिवसांत असतं.

एकट्याला एकटंच ठेवणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती मायेपोटी होते. ‘आम्ही आहोत ना’ म्हणायला ठीक आहे, पण पंखाखाली कुणी चोवीस तास घेत नाही. अंड्यातून निघाल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत ‘आपलं माणूस कोण’ हे पिल्लाच्या मनावर ठसतं. ऑस्ट्रियाच्या कोन्राड लोरेन्झ यांनी हंसाच्या पिल्लांमधली ही गोष्ट जगासमोर आणली. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी त्यांना १९७३चं नोबेल इतर दोघांबरोबर विभागून मिळालं. कोंबडीचं पिल्लूही त्याच वाटेनं जातं. त्या दिवसांत समोर फक्त तुमचे हात आणि चेहरा असेल, तर पिल्लाच्या लेखी कोंबडी म्हणजे तुम्हीच.

उपाय एकच आणि तो लवकर करायचा: जवळपास त्याच वयाचा सोबती आणा. वयात आठवड्याहून जास्त अंतर नको, कारण त्या वयात आठवडाभरानं मोठं पिल्लू अंगानं बरंच मोठं असतं आणि लहानग्याला तुडवतं. सोबती निरोगी कळपातलाच हवा. शिंकणारं, डोळे चिकटलेलं पिल्लू दयेपोटी उचलून आणलंत तर दोन्ही हातची जातील.

घरात खुडूक कोंबडी असेल तर प्रश्न आणखी सोपा. मात्र ती निदान काही दिवस नेटानं बसलेली हवी. कालच बसू लागलेल्या कोंबडीवर भरवसा ठेवू नका. दोन-तीन दिवसांपर्यंतचं पिल्लू रात्री अंधारात हळूच तिच्या पोटाखाली सरकवायचं. अंधारात कोंबडीला फारसं दिसत नाही, पण पोटाखालची चिवचिव ऐकू येते आणि सकाळपर्यंत तिचा त्यावर जीव जडतो. उजाडताना मात्र तुम्ही तिथे असायला हवं. एखादी हलकी टोच चालेल. डोक्यावर दणके बसायला लागले तर पिल्लू लगेच काढून घ्या. पिल्लू पाच-सहा दिवसांचं झालं असेल तर कोंबडी तयार असूनही ते स्वतःच पळून जातं, कारण तिची हाक म्हणजे काय हे त्याला शिकायलाच मिळालेलं नसतं.

यातलं काहीच जमत नसेल तर खोक्यात आरसा आणि वरून लोंबणारा मऊ झाडूसारखा काहीतरी गुच्छ, ज्याच्याखाली ते शिरू शकेल. माझं मत विचाराल तर आरशाचं फार कौतुक नको. पिल्लू शांत होतं हे खरं, पण आरशातलं पिल्लू ऊबही देत नाही आणि टोचतही नाही. टोच खाणं हाही शिक्षणाचा भाग आहे.

ऊब: थर्मामीटर पाहणं, पिल्लू न पाहणं

पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ३२ ते ३५ अंश सेल्सियस, मग दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी, आणि पाच-सहा आठवड्यांत पिसं भरेपर्यंत बाहेरच्या हवेइतकं. हा हिशेब सगळीकडे सापडतो. पण तो घोळक्याचा आहे. घोळक्यातली पिल्लं एकमेकांना चिकटून चूक सांभाळून घेतात. एकट्याला तेवढी सवलत नसते. म्हणून ऊब खोक्याच्या एकाच टोकाला ठेवा आणि दुसरं टोक थंड राहू द्या. कुठे बसायचं ते त्याला ठरवू द्या.

बाकीचं आवाज सांगतो. बारीक, थरथरती किलबिल म्हणजे सगळं ठीक. मोठ्यानं, एकसारखी, थांबायचं नाव न घेणारी चिवचिव म्हणजे काहीतरी कमी आहे. पाय हाताला गार लागले तर थंडी. पाय कोमट, पोट भरलेलं, उबेखाली उभं राहूनही ओरडा चालू असेल तर ते एकटेपण. अशा वेळी दिव्याचं तापमान वाढवणं ही नेहमीची चूक. पंख लोंबलेले आणि चोच उघडी म्हणजे उकडतंय.

दिव्याबद्दल दोन गोष्टी. २५० वॉटचा उष्णतेचा दिवा नुसत्या वायरवर टांगू नका. भुशात पडला की आग लागते. आणि नॉनस्टिक भांड्यांवर असतो तसा टेफ्लॉनचा लेप असलेले बल्ब पक्ष्यांजवळ वापरूच नका. तापल्यावर त्यातून निघणारा वायू माणसाला जाणवतही नाही, पक्ष्याचा मात्र जीव घेतो. परवडत असेल तर पिल्लानं खाली शिरून बसायची गरम प्लेट घ्या. ती आगीच्या दृष्टीनं सुरक्षित, आणि रात्री अंधार राहत असल्यानं पिल्लाला दिवस-रात्रही कळते.

खाऊ घालण्याची घाई

फुटण्याच्या आधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि त्यावर दोन-तीन दिवस काढू शकतं. म्हणून पहिल्या दिवशी खाल्लं नाही तर चोच उघडून भरवू नका. ते श्वासनलिकेत जातं. आधी पाणी: चोचीचं टोक एकदा पाण्याला लावलं की पुरतं. भांडं उथळ हवं आणि त्यात खडे टाकलेले हवेत. पिल्लू बोटभर पाण्यातही बुडतं. खाणं शिकवायला दाण्यांवर नखानं टकटक करा. कोंबडी चोचीनं हेच करते.

दूध देऊ नका. पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही, हगवण लागते. दुसरी चूक मोठ्या कोंबड्यांचं खाद्य बारीक करून घालणं. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, पिल्लाला साधारण एक टक्का पुरतं. जादा कॅल्शियम मूत्रपिंडं बिघडवतं. त्याला १८ ते २० टक्के प्रथिनांचं स्टार्टर खाद्यच हवं. त्याशिवाय दुसरं काहीही चारायचं असेल तर सोबत बारीक खडी हवी, कारण दातांचं काम पोटातले खडे करतात.

बुडाला विष्ठा चिकटून वाळली तर वाट बंद होते आणि पिल्लू दगावू शकतं. कोमट पाण्यानं भिजवून सोडवा, ओढू नका, आणि पूर्ण कोरडं करूनच परत ठेवा. मात्र आधी नीट पाहा. बुडाच्या खाली, पोटाकडे जे खपलीसारखं किंवा दोऱ्यासारखं दिसतं ती बेंबी असते, आणि ती सोडवायला गेलात तर आतडं बाहेर येऊ शकतं.

खोक्यात वर्तमानपत्र अंथरणं सगळ्यांना सुचतं, पण ते गुळगुळीत असतं. त्यावर पाय फाकतात आणि तसेच राहतात. खडबडीत कापड किंवा रबरी जाळी घाला, काही दिवसांनी लाकडाचा जाडसर भुसा. पाय फाकलेच तर दोन्ही पायांमध्ये नेहमीइतकं अंतर ठेवून मऊ चिकटपट्टीचा पूल बांधा. पहिल्या दिवसांत केलं तर बहुधा थोड्याच दिवसांत पाय सरळ होतात. उशीर झाला तर नाही.

तीन ते सहा आठवड्यांच्या वयात पिल्लू पिसं फुलवून गप्प बसलं आणि विष्ठेत रक्त दिसलं, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. हा कॉक्सिडिओसिस, म्हणजे परजीवींमुळे होणारा आतड्यांचा आजार, असू शकतो. ओल्या भुशात तो फोफावतो, त्यावर औषध आहे, पण ते पशुवैद्याकडून लवकर मिळायला हवं.

खिशात, खांद्यावर, उशाशी

पिल्लू झोपतं ते मान टाकून, मेल्यासारखं पसरून. घाबरून हलवून उठवू नका. दिवसाचा बराच वेळ त्याला झोपच हवी असते, आणि हातोहाती फिरणाऱ्या पिल्लाला नेमकी तीच मिळत नाही. थोडा-थोडा वेळ, बसून, जमिनीच्या पातळीवर हाताळा. तोंडाला तोंड लावू नका आणि प्रत्येक वेळी हात धुवा: धडधाकट पिल्लाच्या विष्ठेतूनही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू येतो, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना तो जास्त त्रास देतो.

हे पिल्लू कोंबडा निघण्याची शक्यता जवळपास निम्मी असते, याचा विचार कुणी करत नाही. सहा-आठ आठवड्यांत तुरा मोठा आणि लालभडक व्हायला लागला, पुढे शेपटीजवळ टोकदार, लांब पिसं आली, की ओळखा. माणसालाच आपला मानणारा कोंबडा मोठेपणी माणसालाच प्रतिस्पर्धी मानतो. पायावर झेप घेणारं छोटं पिल्लू पाहून हसून बोटांनी खेळवणं म्हणजे त्याची तालीम घेणं. तुरा लाल व्हायला लागला की मांडीवर घेणं थांबवा. हल्ला केला तर पळू नका, लाथही मारू नका. शांतपणे त्याच्या जागेतून चालत जा.

एका दिवसात कळपात सोडणं

नॉर्वेच्या थॉरलीफ श्येल्डरुप-एब्बे यांनी १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला लिहून ठेवलं की कोंबड्यांत कुणी कुणाला टोचायचं याची पक्की उतरंड असते. नवी कोंबडी आली की ती सगळी पुन्हा ठरते, आणि एकट्या नवशिक्याला एकावेळी सगळ्यांशी निपटावं लागतं. म्हणून आधी आठवडा-दोन आठवडे मध्ये जाळी ठेवून नुसतं दिसू द्या. अंगानं त्यांच्या जवळपास आल्यावर, खुराड्यात नव्हे तर मोकळ्या अंगणात, लपायला आडोसे ठेवून भेट घडवा. खाद्य-पाण्याची भांडी दोन ठिकाणी हवीत. पहिली भेट कळपातल्या सगळ्यात गरीब कोंबडीशी करून दिली तर आणखी बरं.

टोचणं, पाठलाग, तुऱ्यावर खरचटणं चालू द्या. दर किंकाळीला धावून पिल्लू उचललंत तर ते पुढच्या वेळीही तुमच्याकडेच पळेल. रक्त आलं की मात्र लगेच वेगळं करा, कारण लाल रंग दिसला की बाकीच्याही तिथेच टोचत सुटतात.

तऱ्हेवाईकपणाला आजार समजणं, आणि उलटही

कोंबडी उन्हात एका कुशीवर पडून एक पंख नि एक पाय ताणून डोळे मिटते, तेव्हा नवखा माणूस हमखास घाबरतो. ती ऊन खाते आहे. धुळीत लोळून अंग झटकणं ही तिची आंघोळ. पाण्यानं धुवायची गरज नाही. तुम्ही जवळ गेलात की तलंग, म्हणजे अजून अंडी न घातलेली तरुण कोंबडी, पंख किंचित पसरून खाली बसते. तिला लाड हवेत असं आपल्याला वाटतं, पण ती वयात आल्याची खूण आहे आणि अंडी जवळ आली आहेत. अंडं घातल्यावर दहा मिनिटं बोंब मारणाऱ्या कोंबडीवर मला तरी उपाय माहीत नाही.

कोंबडा नसलेल्या कळपात एखादी कोंबडी आरवू लागते. बहुतेक वेळा ती फक्त वरचढ असते. क्वचित डावा अंडाशय बिघडलेला असतो. कोंबडीचा एकच, डावा अंडाशय काम करतो. तो गेला की उजवीकडचा सुप्त अवयव कधीकधी नर संप्रेरकं बनवायला लागतो, आणि मग तुरा, पिसं, आवाज सगळंच बदलतं. १४७४ मध्ये आजच्या स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात अंडं घातल्याच्या आरोपावरून एका कोंबड्यावर खटला चालवून त्याला जाळलं होतं. ती अशीच एखादी बदललेली कोंबडी असावी असा माझा कयास आहे.

खुडूक कोंबडीला पाण्यात बुडवून थंड करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो क्रूर आहे आणि बऱ्याचदा उपयोगीही नाही. जमिनीपासून उचललेल्या, जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात खाद्य-पाण्यासह तीन-चार दिवस ठेवा. पोटाखाली वारा लागला की बैठक मोडते. अंडी फोडून खाणारीला शिक्षा करू नका. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जातं, ते शिंपल्यांच्या चुऱ्यातून वेगळं द्या, अंडी दिवसातून दोनदा उचला आणि घरट्यात लाकडी अंडं ठेवा. दिवस लहान होताना पिसं झडली आणि अंडी थांबली तर तो आजार नाही. पिसं जवळजवळ निव्वळ प्रथिनांची असतात, म्हणून तेवढे दिवस खाद्यात प्रथिनं वाढवा.

कोंबडी दुखणं लपवते, त्यामुळे खरा आजारही आधी तऱ्हेवाईकपणासारखाच दिसतो. संध्याकाळी खुराड्यात जायला नकार देणारी कोंबडी हट्टी असेलच असं नाही. दिवसा फटींत लपून रात्री रक्त पिणारे लाल माइट (गोचिडीसारखे अगदी बारीक जीव) तिथे झाले असतील. रात्री दांडीखालून पांढरं कापड फिरवा, तांबडे डाग पडले तर खुराडं रिकामं करून प्रत्येक फट साफ करा. गळ्याखालची अन्नाची पिशवी सकाळी रिकामी हवी. उठल्याबरोबर ती घट्ट किंवा पाण्यानं भरल्यासारखी लागली तर अन्न पुढे सरकत नाही. आणि घरट्यात बसलेली प्रत्येक कोंबडी खुडूक नसते. खुडूक कोंबडीजवळ हात नेला तर ती फुगते, ओरडते. अंडं अडकलेली गप्प असते, शेपटी खाली, सारखी जोर करणारी. तिला कोमट पाण्यात अर्धा तास बसवून अंधाऱ्या उबदार जागी ठेवा, पोट दाबू नका, आणि काही तासांत फरक पडला नाही तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या.