पुतळ्यावर शाई पडली तर आधी काय करायचं

डिसेंबर 2021 मध्ये बंगळूरच्या सदाशिवनगरात शिवरायांच्या पुतळ्यावर शाई पडली. पाठोपाठ बेळगावात अनगोळला कित्तूरचे लढवय्ये संगोळ्ळी रायण्णा यांच्या पुतळ्याची नासधूस झाली. पुतळा कुणाचाही असो, आपल्या सीमाभागात त्याच्याकडे दगड-धातू म्हणून कोणी बघत नाही. त्यामुळे हाताला येईल ते फडकं घेऊन माणसं धावतात, आणि शाईनं होत नाही तेवढी खराबी पुसण्यानं होते.

तयारी दसरा झाला, पाऊस उघडला की करा. एक नोव्हेंबरची, म्हणजे कर्नाटक राज्योत्सव आणि मराठी माणसांचा काळा दिन, वाट बघू नका. आधी बोटाच्या पेरानं ठोकून पाहा. ब्राँझ खणखणतो, फायबर बद्द वाजतो. ‘पंचधातूचा’ म्हणून बसवलेला पुतळा कधी कधी रंगवलेलं फायबर निघतो. ब्राँझ असेल तर लिटरभर पाण्यात चमचाभर सौम्य द्रवसाबण घालून धुवा, उन्हात पूर्ण वाळवा, मऊ ब्रशनं मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा (पेट्रोलियमपासून काढलेलं मेण) पातळ हात द्या. अर्ध्या तासानं सुती कापडानं चकाकी आणा. जिरेटोपाची कड, शेल्याच्या चुण्या हमखास राहून जातात आणि पाणी नेमकं तिथंच मुरतं. मेण असलं की रंग धातूवर न बसता मेणावर बसतो, मिनरल टर्पेंटाइननं मेणासकट निघतो. फायबरला मात्र टर्पेंटाइन, थिनर दाखवूसुद्धा नका. मूळ रंगच सुटतो.

शाई पडलीच तर चारही बाजूंनी फोटो काढा. पंचनामा होईपर्यंत हात लावू नका, पण तो लवकर उरकायला लावा. मग ओला कापूस नुसता टेकवा, उचला, फेकून द्या. घासलं की शाई फटीत जाते. चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर बंद. ब्राँझवरचा गडद तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे, तेच धातूचं कवच.

आता दुग्धाभिषेक. अवमान झाला की तो होणारच, आणि ‘करू नका’ म्हणणाऱ्याचं कोणी ऐकणार नाही. पण दूध आंबून आम्ल होतं, साखर चिकटून धूळ धरते. शक्यतो पादुकांवर किंवा छोट्या मूर्तीवर करा. पुतळ्यावरच केला, तर दूध वाळायच्या आत वरून भरपूर स्वच्छ पाणी सोडा. किमान दोन-तीन घागरी. हार सुती दोऱ्यात ओवून घ्या. तारेचा हार वाऱ्यानं हलतो आणि मानेवरचं मेण खरवडतो.