पिकअप घेताय? कंपनी ठरवताना या चुका टाळा

"बोलेरो घेऊ, इंट्रा घेऊ की बडा दोस्त?" मार्केट यार्डात, भोसरीच्या टपरीवर, सासवडच्या बाजारात हा प्रश्न सारखा कानावर येतो. उत्तर देणाराही लगेच देऊन मोकळा होतो, आणि बहुतेक वेळा स्वतःच्या दारात जी उभी आहे तिचंच नाव घेतो. मी आधी उलट विचारतो: भरणार काय, आणि भरलेल्या गाडीने घाट चढणार की उतरणार? एवढं कळलं की यादीतल्या निम्म्या गाड्या आपोआप गळतात. आठ-दहा लाखांची गाडी, चार-पाच वर्षांचे हप्ते आणि तिच्यावर चालणारं घर, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

नुसत्या नावावर गाडी ठरवणं

"बोलेरो चांगली" या वाक्याला आता फारसा अर्थ उरलेला नाही. महिंद्राच्या बोलेरो मॅक्स पिकअपमध्येच सिटी आणि एचडी अशा दोन मालिका आहेत आणि पासिंग, म्हणजे कागदावर मंजूर असलेली माल भरायची मर्यादा, सव्वा-दीड टनापासून दोन टनांपर्यंत जातं. हौद्याची (मागच्या माल भरायच्या जागेची) लांबी, पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या), टायर, सगळं बदलतं. टाटाकडे इंट्रा आणि योधा या दोन वेगळ्याच जातीच्या गाड्या आहेत. इंट्रा व्ही३० चं इंजिन दीड लिटरचं आणि सीटखाली, योधाचं २.२ लिटरचं आणि बॉनेटमध्ये. अशोक लेलँडची दोस्त आणि बडा दोस्त दीड लिटरवाल्या, बोलेरो पिकअप अडीच लिटरवाली. शेजाऱ्याने "आमची मस्त चालते" म्हटलं तर ती नेमकी कुठली, किती पासिंगची आणि कुठल्या रस्त्यावर, हे विचारल्याशिवाय त्या शिफारशीचा उपयोग नाही.

पुण्यात आणखी एक समज आहे: टाटांचा कारखाना पिंपरीला, महिंद्राचा चाकणला, म्हणजे सर्व्हिसची काळजी मिटली. कारखान्याच्या गेटवर तुमची गाडी कोणी दुरुस्त करून देणार नाही. गाडी बंद पडेल तिथून जवळचं वर्कशॉप कोणाचं, हाच हिशोब खरा.

इसुझू व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्सचं आकर्षण अनेकांना असतं. गाड्या दणकट आहेत, पण त्या हौसेच्या आणि प्रवासाच्या. रोजच्या भाड्याच्या मालासाठी त्यांचा विचारही करू नका.

पासिंग बघायचं, हौदा बघायचा नाही (किंवा उलटं)

सगळ्यात जास्त पैसा इथे जातो. शोरूममध्ये जायच्या आधी घरी कागद घ्या आणि एक खेप मांडून बघा.

नारायणगावचा टोमॅटो धरू. क्रेटमध्ये साधारण २० किलो माल, क्रेटसकट २२ किलो. क्रेटचं माप सुमारे ५४ बाय ३६ सेंटिमीटर. नऊ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद हौद्यात एका थरात २१ क्रेट बसतात. पाच थर लावले तर १०५ क्रेट, वजन २,३१० किलो. गाडी दीड टन पासिंगची असेल तर ६८ क्रेटलाच मर्यादा संपते, म्हणजे तीन थर आणि वर पाच क्रेट. वर जागा रिकामी दिसते आणि हात थांबत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार जादा वजनाला २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो. जूनच्या उन्हात टोमॅटो रस्त्याकडेला उतरवणं म्हणजे काय, ते शेतकऱ्याला सांगायला नको.

आता झेंडूची फुलं, खारी-टोस्ट, फोमच्या गाद्या किंवा थर्माकोल धरा. इथे वजन कधीच संपत नाही, जागा संपते. अशा धंद्याला दोन टनांची गाडी घेणं म्हणजे जड चॅसी आयुष्यभर डिझेल जाळत फिरवणं. त्याला कमी पासिंगची पण लांब हौद्याची गाडी हवी. तेव्हा माल जड असेल तर आधी पासिंग बघा, फुगीर असेल तर आधी हौद्याची आतली लांबी. आतली म्हणतोय, कारण ब्रोशरवर कधीकधी बाहेरचं माप असतं. टेप घेऊन जा आणि स्वतः मोजा.

कागदावरचं पासिंग सगळं तुमच्या मालाचं नसतं, हेही लक्षात ठेवा. लोखंडी अँगलची जाळी, ताडपत्री, दोर, केबिनमधला हमाल यांत दीडशे-दोनशे किलो सहज जातात. सीएनजी घेतली तर टाक्यांचं वजन वेगळं. मारुती सुपर कॅरीचंच बघा: पेट्रोलला ७४० किलो, सीएनजीला ६२५.

हार्डवेअरवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. सहा मीटरचा पाइप कुठल्याही पिकअपच्या हौद्यात मावत नाही. मर्यादेबाहेर लोंबणाऱ्या मालालाही २०,००० रुपयांचाच दंड आहे. त्यापेक्षा लांब माल बाहेरच्या मोठ्या गाडीने मागवा आणि स्वतःची पिकअप बाकीच्या मालासाठी निवडा.

रिकामी गाडी चालवून बघणं

शोरूमवाला सपाट रस्त्यावर रिकाम्या गाडीची एक चक्कर मारून देतो. रिकामी असताना सगळ्याच पिकअप पळतात.

दिवे घाट डोळ्यांसमोर आणा. पुरंदरचा शेतकरी अंजीर-सीताफळ भरून सासवडहून हडपसरकडे येतो तेव्हा तो भरलेल्या गाडीने उतरतो आणि रिकामी गाडी घेऊन चढतो. हडपसरचा सिमेंटवाला त्याच घाटात भरलेली गाडी चढवतो. रस्ता एकच, पण या दोघांनी एकच गाडी घ्यावी असं मुळीच नाही. पहिल्याने ब्रेक आणि दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन गाडीला किती धरून ठेवतं हे बघावं. ब्रेक सतत दाबत उतरलं की लायनर तापतात आणि पेडल दाबूनही पकड सुटते. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकणारे याच कारणाने फसतात. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर काय काय झालंय, ते पुणेकरांनी पुरेसं पाहिलं आहे.

दुसऱ्याने चढावर थांबून परत गाडी उचलून बघावी. छोटं इंजिन वाईट नसतं, पण पूर्ण वजनाने चढ काढताना त्याला रेस जास्त द्यावी लागते, ड्रायव्हर अर्ध्या क्लचवर खेळतो आणि प्लेट लवकर जाते. रोज जड माल चढवायचा असेल तर अडीच किंवा २.२ लिटरवाल्या गाडीचे जास्तीचे पैसे वसूल होतात. हडपसर ते मांजरी अशा सपाट फेऱ्यांना दीड लिटरवाली बास आहे.

म्हणून डेमो भरलेल्या गाडीचाच मागा. सिमेंटच्या २५ गोण्या म्हणजे सव्वा टन. गोण्या तुमच्या, गाडी त्यांची. बरेच डीलर तयार होतात. जो होणार नाही त्याच्याकडून गाडी घ्यायची घाई करू नका. आणि चालवायला तुमच्या ड्रायव्हरला बसवा. दिवसाचे दहा तास तो त्या सीटवर काढणार आहे, त्याचा गुडघा स्टिअरिंगला लागतो का हे मालकाला कळत नाही.

शहरातल्या गल्लीबोळाचंही बघायला हवं. रविवार पेठेत, बोहरी आळीत माल टाकायचा असेल तर लांब बॉनेटची गाडी वळवताना रोज कसरत होईल. तिथे आखूड तोंडाची इंट्रा, दोस्त किंवा त्याहून छोटी सुपर कॅरी सोयीची पडते.

पार्टची चौकशी न करणं

कंपनीची निवड खऱ्या अर्थाने इथे होते. वजन, हौदा आणि घाट यांतून दोन-तीन गाड्या उरल्या की त्यांच्यातला निकाल सर्व्हिसवर लावा. तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर, समजा मंचर-नारायणगाव किंवा सासवड-जेजुरी, कमर्शियल गाड्यांचं अधिकृत वर्कशॉप आहे का? कारचं शोरूम असून भागत नाही. ते रविवारी आणि संध्याकाळी उशिरापर्यंत चालू असतं का? क्लच प्लेट, ब्रेक लायनर, फिल्टर, बेल्ट नाना पेठेत सहज मिळतात का? आणि त्याच मॉडेलच्या तीन ड्रायव्हरांना विचारा, "शेवटचा पार्ट किती दिवसांत आला?" गाडी कशी आहे असं विचारलं की माणूस कौतुक करतो, पार्ट विचारला की खरं बोलतो.

फुरसुंगीच्या एका ओळखीच्या भाजीवाल्याची नवीकोरी गाडी एका सेन्सरसाठी अख्खा आठवडा उभी राहिली. वॉरंटीत होती, पार्टचा रुपया लागला नाही. भाड्याच्या गाडीचे पैसे मात्र त्याच्या खिशातून गेले.

गावात ज्या गाड्या जास्त असतात त्यांच्यामागे जाण्यात थोडं शहाणपण आहेच. मिस्त्रीचा हात बसलेला असतो, जुन्या पार्टचाही बाजार असतो आणि विकताना गिऱ्हाईक पटकन मिळतं. बोलेरोला पुणे जिल्ह्यात हा फायदा भरपूर आहे. पण तुमचा माल फुगीर आणि रस्ता सपाट असेल तर हा फायदाही रोजच्या डिझेलपुढे कमी पडू शकतो.

कागदांकडे शेवटी बघणं

एकूण वजन, म्हणजे गाडी अधिक माल, ३,००० किलोपर्यंत असेल तर मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. एकाच नावाच्या गाडीत एक प्रकार या रेषेच्या आत आणि दुसरा बाहेर असू शकतो, तेव्हा बुकिंगआधी आकडा विचारा. लायसनची धास्ती नको: सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केलंय की एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसनवर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते. फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याची आरटीओची तपासणी, पहिली आठ वर्षं दोन-दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी.

मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. करपात्र मालाचा धंदा असेल आणि नोंदणी असेल तर बिल फर्मच्या नावावर, जीएसटी नंबर टाकूनच घ्या. मालवाहू गाडीवर इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणजे गाडीवर भरलेला जीएसटी धंद्याच्या जीएसटीतून वळता करता येतो. हौसेने मुलाच्या किंवा बायकोच्या नावावर बिल केलं की ते हातचं गेलं.

हप्त्याच्या आकड्यावर भाळणं

"फक्त सात टक्के" असं ऐकलं की लगेच विचारा, फ्लॅट की रिड्युसिंग? आठ लाखांचं कर्ज, पाच वर्षं, सात टक्के फ्लॅट: व्याज दोन लाख ऐंशी हजार, हप्ता १८,०००. कर्ज दरमहा कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण आठ लाखांवर लावलेलं असतं. रिड्युसिंगने मोजलं तर हा दर साडेबारा टक्क्यांच्या आसपास जातो. एखादी कंपनी गाडीवर वीस हजार सूट देते आणि तिच्या फायनान्सवाल्याकडे ते कधीच वसूल झालेले असतात. दोन गाड्यांची तुलना करायची तर ऑन-रोड किंमत अधिक एकूण व्याज असा एकच आकडा मांडा.

दसऱ्याच्या, पाडव्याच्या मुहूर्ताला डिलिव्हरीची रांग असते आणि हार-पेढ्यांत तपासणी राहून जाते. पूजा मुहूर्तावर करा, पण गाडी दोन दिवस आधी उजेडात बघून घ्या. फॉर्म २१ वर, म्हणजे डीलरच्या विक्री प्रमाणपत्रावर, उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं. टायरवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. वर्षाअखेरीस जुना स्टॉक गळ्यात पडला तर विकताना एक वर्ष जुनी म्हणूनच भाव मिळतो.

गाडी घेऊन झाली आणि आता खटकतंय

डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा वारंवार लागत असेल तर गाडीत दोष असेलच असं नाही. बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांची) डिझेल गाडी दिवसभर पेठांमध्ये दोन-दोन किलोमीटर फिरली की धुराच्या फिल्टरमध्ये काजळी साठते, आणि ती जळायला इंजिन बराच वेळ गरम आणि चालतं राहावं लागतं. दिवा लागल्यावर गाडी बंद न करता हायवेला वीस-पंचवीस मिनिटं एकसारख्या वेगाने न्या. तरी गेला नाही तर वर्कशॉप. दिवा झाकून चालवत राहिलात तर फिल्टरचा खर्च फार मोठा येतो. धंदा पूर्ण शहरातलाच असेल तर पुढची गाडी सीएनजी किंवा इलेक्ट्रिक बघा.

भरल्यावर स्टिअरिंग हलकं लागतं, गाडी पुढून तरंगल्यासारखी वाटते? माल मागच्या ॲक्सलच्या मागे जास्त चढलाय. जड क्रेट केबिनला टेकवून लावा, हलका माल मागे.

चढावर क्लचचा वास येत असेल तर आधी काट्यावर वजन करा. वजन पासिंगमध्ये असूनही वास येत असेल तर पेडलचं सेटिंग आणि ड्रायव्हरची सवय, दोन्ही तपासा. मागून बसते म्हणून एक पाटा वाढवून घेणारे पुष्कळ आहेत. पाटा वाढवल्याने पासिंग वाढत नाही, ॲक्सल आणि ब्रेक तेच राहतात, आणि वॉरंटीचा वाद मात्र ओढवतो. रोजची खेपच पासिंगपेक्षा जास्त होत असेल तर दोन फेऱ्या करा किंवा पहिल्या दोन वर्षांत, किंमत टिकून आहे तोवर, मोठ्या गाडीशी बदलून घ्या.