बिअरला फेस आला म्हणून गॅस भरू नका

पबमध्ये 'गॅस' हा शब्द दोन अर्थांनी चालतो आणि निम्मा घोळ तिथेच होतो. बारवाल्याचा गॅस म्हणजे केगला, म्हणजे बिअरच्या पिंपाला, जोडलेला कार्बन डायऑक्साइड. आम्हा कोल्ड रूम दुरुस्त करणाऱ्यांचा गॅस म्हणजे खोली गार करणाऱ्या मशीनच्या कॉम्प्रेसरमधून आणि पाइपांतून फिरणारा. कोल्ड रूम तापली की बिअरमध्ये विरघळलेला कार्बन डायऑक्साइड नळाशीच सुटायला लागतो आणि ग्लासात पाऊण फेस, पाव बिअर पडते. बारवाला त्याचा गॅस वाढवतो. फेस आणखी वाढतो. मग तो मेकॅनिकला बोलावतो आणि मेकॅनिक येऊन स्वतःचा गॅस वाढवतो.

पुण्यात पहिली मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच बिअर बनवणारी जागा, 2009 मध्ये निघाली. त्यानंतर नळाची बिअर देणाऱ्या जागा वाढत गेल्या आणि आमची कामंही. चुका मात्र त्याच त्या.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आल्या आल्या गॅसचं प्रेशर बघायला गेज लावणं. जूनमधला शनिवार, संध्याकाळचे सात. एका पबच्या मॅनेजरचा फोन. "काका, आठवड्यात दोनदा गॅस भरून घेतला, तरी रूम चौदाच्या खाली येत नाही. आता तर मशीनच ट्रिप होतंय." तळघरातल्या पार्किंगला लागून त्यांची केगची खोली. दार उघडलं, आतल्या युनिटचे दोन्ही पंखे फिरत होते, पण हात धरला तर वारा नाही. मागच्या बाजूने टॉर्च मारला. हवा गार करणारी नळ्यांची कॉइल दिसतच नव्हती, बर्फाची पांढरी भिंत होती नुसती.

आता काय झालं असेल ते बघा. कॉइलवर बर्फ चढला की खोलीतली उष्णता आतल्या गॅसपर्यंत पोचत नाही, त्यामुळे सक्शनचं, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचं, प्रेशर पडतं. मशीनमधला गॅस आर-404ए असेल आणि खोली 3-4 अंशांवर ठेवायची असेल, तर सक्शनला साठ पीएसआयच्या (हे प्रेशरचं माप) आसपास दिसायला हवं. आधीच्या माणसाला पंचवीस-तीस दिसलं असणार. त्याने 'गॅस कमी' म्हणून साठ येईपर्यंत भरला. पुढे मशीन बंद पडून थोडा बर्फ वितळला, कॉइलला पुन्हा उष्णता मिळाली आणि तो जादाचा गॅस कंडेन्सरमध्ये, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागात, तुंबला. तिथलं प्रेशर चारशेपर्यंत गेल्यावर हाय प्रेशर स्विचने त्याचं काम केलं. गॅस मुळात कमी नव्हताच. आणि ध्यानात ठेवा, तो बंद नळ्यांतून फिरतो, पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय. गळती न शोधता भरणारा माणूस पुढच्या महिन्याचं काम आजच पक्कं करून जातो.

मग बर्फ कशाने? दाराचे प्लॅस्टिकचे पडदे कापून टाकलेले, कारण माल आणणाऱ्या पोरांच्या तोंडाला लागायचे. दाराला रिकामा केग अडकवून तासतासभर उघडं ठेवायचे. पावसाळ्यातली ओली हवा सरळ कॉइलवर. त्यात ड्रेनच्या पाइपात शेवाळ, म्हणजे वितळलेलं पाणी ट्रेमध्येच साचून पुन्हा गोठणार.

कॉम्प्रेसर बंद, पंखे चालू, दार सताड उघडं. वायरिंगवर प्लॅस्टिक बांधलं आणि कॉइलवर साध्या नळाच्या पाण्याच्या बादल्या. चार तास लागले. मग सगळा गॅस रिकव्हरीच्या सिलिंडरमध्ये काढून घेतला, व्हॅक्यूम केला आणि सिलिंडर उलटा धरून लिक्विडमध्ये नवा भरला. आर-404ए हे मिश्रण आहे, वाफेच्या रूपात ओढलं तर घटकांचं प्रमाण बिघडतं. हे माहीत नसलेली माणसं रोज गॅस भरतात.

माझी सवय सांगतो. पहिली दहा मिनिटं बॅग उघडायचीच नाही. पंख्यापुढे हात, कॉइलवर टॉर्च, दाराच्या रबरात कागद अडकवून ओढून बघायचा, बाहेर कंडेन्सरची जाळी बघायची. किचनचा एक्झॉस्ट शेजारी असेल तर जाळीवर तेलाचा थर हमखास सापडतो, आणि तो नुसत्या ब्रशने निघत नाही.

दुसरी चूक माझी स्वतःची, म्हणून तिच्यावर जास्त राग आहे. शिकाऊ असताना एका आइस्क्रीमच्या दुकानात कॉइलवरचा बर्फ मी स्क्रूड्रायव्हरने फोडायला बसलो. घाई होती, जेवायला जायचं होतं. तिसऱ्या घावाला 'फुस्स' झालं. नळीला सुईएवढं भोक, पण कॉइलच्या मधोमध, जिथे ब्रेझिंगची, म्हणजे धातू वितळवून भोक बुजवायची, नोझल नीट पोचत नाही. उस्तादांनी शिवी दिली नाही. माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर घेऊन खिशात ठेवला, आणि त्या कॉइलचं काम संपेपर्यंत परत दिला नाही. आजही हेल्पर कॉइलजवळ टोकदार काही घेऊन गेला की मी ओरडतो. गरम पाण्याची घाईही नको. आणि हीटगन घेऊन उभं राहणाऱ्यांना तर माझा नमस्कार.

थर्मोस्टॅट उणे दोनवर लावला म्हणून खोली लवकर गार होत नाही. मशीन तेवढंच ओढतं, फक्त थांबत नाही, आणि बर्फ चढतो.

हाय प्रेशरचं रीसेट बटण एकदा दाबा. दुसऱ्यांदा ट्रिप झालं तर बोट खिशात ठेवा.

सिंगल फेज प्रिव्हेंटर, म्हणजे तीनपैकी एक फेज गेली की मशीन बंद करणारं उपकरण, 'सारखा त्रास देतो' म्हणून बायपास करणाऱ्याने नव्या कॉम्प्रेसरचे पैसे बाजूला काढून ठेवावेत.

कॉम्प्रेसर 'गेला' म्हणण्याआधी त्याला हात लावून बघा. चटका बसला तर आतला ओव्हरलोड, म्हणजे तापल्यावर वीज तोडणारा स्विच, उघडलेला असू शकतो, आणि तो थंड व्हायला तासभर सहज जातो. सिंगल फेजच्या मशीनमध्ये मेन बंद करून, वायरी सोडून मीटर लावा. कॉम्प्रेसरच्या तीन टोकांपैकी स्टार्ट-रनमध्ये रीडिंग येतंय, पण तिसऱ्या कॉमनपासून दोन्हीकडे काहीच नाही, तर वाइंडिंगला दोष देऊ नका. थांबा, चहा घ्या, परत बघा. अशा बऱ्याच 'मेलेल्या' कॉम्प्रेसरची बिलं फाटलेली मी पाहिली आहेत.

एक गोष्ट मात्र चेष्टेची नाही. कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर आत किंवा तळघरात असतील तर थेट आत शिरू नका. तो हवेपेक्षा दीडपट जड, जमिनीलगत साचतो आणि त्याला वास नाही. दार उघडून हवा खेळू द्या, बाहेर एक माणूस उभा ठेवा, आणि मगच खाली वाका. डिटेक्टर बसवा म्हटलं की मालक किंमत विचारतात. त्याच मालकांनी बारमागे निऑनची पाटी किंमत न विचारता लावलेली असते.

त्या पबचा मॅनेजर रविवारी दुपारी पुन्हा फोनवर. "काका, डिस्प्लेवर चार दाखवतंय, तरी फेस!" मी म्हटलं, डिस्प्ले हवेचं तापमान सांगतो. एक ग्लास काढ, पहिला ओतून दे आणि दुसऱ्यात थर्मामीटर बुडव. अकरा निघालं. पन्नास लिटरचा केग नुसत्या हवेने गार व्हायला एक अख्खा दिवस घेतो, कधी जास्तच. सोमवारी दुपारपर्यंत नळ बंद ठेव, आणि तुझा तो गॅस परत बारा पीएसआयवर आण, असं सांगितलं.

गॅस त्याने कमी केला. नळ काही बंद ठेवला नाही.